मोबाईलमधली बंदूक आणि मनातला द्वेष : गेम खेळून मुलं अतिरेकी होतात का?



मागच्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हाची गोष्ट. धान कापणीचे दिवस, कोणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. अशात एक वडील कापणी टाकून शाळेत आले. अंगावर शेतातलेच कपडे, हातात पोराचा मोबाईल. म्हणाले, "गुर्जी, हा पोट्टा रात्रभर गोळ्याच झाडत रायते. 'मार त्याले, मार त्याले' म्हून वरडते. उद्या जंगलात जाऊन खरीच बंदूक धरली तं आमी काय करावं?"

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न भोळा वाटेल. आपल्याला वाटत नाही. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत सालेकसा, देवरी हे नक्षलग्रस्त तालुके आपल्याच भंडारा जिल्ह्यात होते. आणि १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनाच्याच दिवशी, गडचिरोलीतल्या जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाचा स्फोट होऊन १५ पोलीस जवान आणि त्यांचा गाडीचालक गेला. त्या जवानांत भंडारा जिल्ह्यातलीही मुलं होती. तेव्हा 'जंगल' आणि 'बंदूक' हे शब्द आपल्या भागातला बाप उगाच बोलत नाही.

मी त्यांना झटक्यात उत्तर दिलं : "मोबाईल काढून घ्या, महिनाभर देऊ नका." ते समाधानाने गेले. पण माझं उत्तर चुकलं होतं. कसं चुकलं ते पुढे येईलच. आधी विषय नीट समजून घेऊ.

तीन भीती, एकच गठुडं

गेम म्हटलं की आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच गठुड्यात बांधतो. पहिली व्यसनाची. मुलगा जेवत नाही, झोपत नाही, अभ्यास करत नाही. दुसरी अपघाताची. मार्च २०१९ मध्ये हिंगोलीत रेल्वे रुळांजवळ पबजी खेळण्यात गुंग असलेले दोन तरुण गाडीखाली आले, ते आपल्याला आठवत असेल. आणि तिसरी हिंसेची, की गोळ्या झाडता झाडता पोरगा खुनी होईल. पहिल्या दोन भीती खऱ्या आहेत, त्यांवर स्वतंत्र लेख लिहिता येईल. आज आपल्याला तिसरीबद्दल बोलायचं आहे, आणि तीही साध्या रागाबद्दल नाही. हरल्यावर मोबाईल आपटणं, बहिणीवर खेकसणं हा राग झाला. एखाद्या धर्माच्या, जातीच्या, वंशाच्या किंवा प्रांताच्या सगळ्या माणसांना शत्रू ठरवायचं आणि त्यांना मारणं हे आपलं कर्तव्यच आहे असं मानायचं, याला हिंसक अतिरेकी विचार म्हणतात. राग पाच मिनिटांत उतरतो. हा विचार वर्षानुवर्षे मुरतो.

अजून एक गैरसमज इथेच काढून टाकू. पुष्कळांना वाटतं की पबजीवर सरकारने बंदी घातली ती मुलं हिंसक होतात म्हणून. तसं नाही. २ सप्टेंबर २०२० ला एकूण ११८ अ‍ॅपवर बंदी आली, त्यात पबजी होतं, आणि कारण दिलं होतं देशाच्या सुरक्षेचं आणि लोकांची माहिती परदेशात जाण्याचं. गलवानच्या चकमकीनंतरचे ते दिवस. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेलं तेही अशाच कारणाने. (आणि आपल्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी 'फ्री फायर मॅक्स' घेतलं, हे वर्गात विचारलं तर कोणीही सांगेल. साध्या, स्वस्त मोबाईलवर चालतं म्हणून खेड्यात त्याचंच राज्य.)

गेमच्या नावाने घबराट किती पसरते, याचा नमुना म्हणजे २०१७ चं 'ब्लू व्हेल'. मुंबईत एका १४ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला, बातम्यांनी तो त्या कथित खेळाशी जोडला, आणि त्यानंतर देशभर प्रत्येक दुर्दैवी घटनेला तेच नाव चिकटू लागलं. शाळाशाळांतून सूचना वाचल्या गेल्या, मीही वाचली. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे गृह राज्यमंत्री आणि आपल्या शेजारच्या चंद्रपूरचे खासदार हंसराज अहीर यांनी लोकसभेत सांगितलं, की चौकशी समितीला एकाही घटनेत ब्लू व्हेलचा संबंध सिद्ध करता आला नाही. ही बातमी मात्र कोणी वाचून दाखवली नाही. मी पण नाही.

संशोधन काय म्हणतं?

अमेरिकेत १९९९ मध्ये कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाला मारलं. ते दोघे 'डूम' नावाचा गोळीबाराचा गेम खेळायचे. तेव्हापासून हा वाद चालू आहे. २०१९ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या हजाराहून अधिक मुलांचा अभ्यास केला. कोणता गेम हिंसक, हे मुलांना न विचारता गेमच्या अधिकृत वयोगट-मानांकनावरून ठरवलं. मुलगा आक्रमक आहे का, हे पालकांना विचारलं. दोन्हींत संबंध दिसला नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचं मत थोडं वेगळं आहे, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं : ओरडणं, ढकलाढकली अशा किरकोळ आक्रमकतेशी हिंसक गेमचा लहानसा संबंध दिसतो. पण खून, गोळीबार, हल्ले यांचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही, असं त्याच संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट केलं.

आपल्या झाडीपट्टीच्या भाषेत सांगतो. मंडईच्या रात्री गावोगाव नाटकं होतात. खलनायक दर वर्षी दोन-तीन मुडदे पाडतो, बंदुकीचा बार निघतो, बाया पदराने डोळे पुसतात. सकाळी सगळे चहा पिऊन आपापल्या बांधावर जातात. मांडवात पाहिलेला खून माणसाला खुनी करत नाही. मांडवामागे अंधारात कोण कोणाशी काय बोलत होतं, ते मात्र विचारावं लागतं.

गेमचंही तसंच आहे.

हल्लेखोरांनी गेमचा वापर कसा केला?

नॉर्वेत २२ जुलै २०११ ला एका माणसाने ७७ जणांना मारलं. त्यात बहुतेक एका बेटावर शिबिराला आलेली तरुण मुलं होती. न्यायालयात त्याने सांगितलं, की 'मॉडर्न वॉरफेअर' गेमवर नेमबाजीचा सराव केला. जगभर तेच मथळे झाले. पण हा माणूस पिस्तूल क्लबात खऱ्या पिस्तुलाने सराव करत होता, आणि स्फोटकं बनवण्यासाठी त्याने एक शेत भाड्याने घेतलं होतं. मग गेमचा खरा उपयोग काय झाला? आडोसा! घरात कोंडून बसलेल्या माणसाला कोणी विचारलं तर 'गेम खेळतोय' सांगावं, म्हणजे पुढे कोणी चौकशी करत नाही, असा सल्ला त्याने आपल्या लेखनात इतरांनाही दिला होता. हे वाचून मी चपापलो. आपणही तेच करतो ना? "काय करतोय रे?" "गेम." "बरं." संपली चौकशी.

१५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात दोन मशिदींवर हल्ला झाला, ५१ माणसं गेली. हल्लेखोराने डोक्याला कॅमेरा लावून ते सगळं फेसबुकवर थेट दाखवलं. खाली बंदुकीची नळी, समोर माणसं, म्हणजे हुबेहूब गोळीबाराच्या गेमसारखं दृश्य. थेट पाहणारे दोनशेही नव्हते, पण पहिल्या २४ तासांत फेसबुकला त्या चित्रफितीच्या १५ लाख प्रती काढाव्या लागल्या. आणि गंमत म्हणावी तर कडू गंमत ही, की त्याने मागे ठेवलेल्या मजकुरात 'गेमने मला खुनी बनवलं' ही कल्पना चक्क टिंगल करून उडवून लावली होती. वर्तमानपत्रं गेमच्या मागे धावतील, हे त्याला ठाऊक होतं. (त्या देशाच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी त्याचं नाव कधीही उच्चारणार नाही असं जाहीर केलं. मीही या लेखात अशा कोणाचंच नाव घेतलेलं नाही.)

त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला जर्मनीतल्या हाले शहरात एकाने यहुदी प्रार्थनास्थळावर हल्ला केला. दार उघडलं नाही म्हणून आतली माणसं वाचली, पण बाहेर दोघे गेले. त्यानेही हे थेट दाखवलं, तेही गेम दाखवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या ट्विच या ठिकाणी. शिवाय गेममध्ये 'अचिव्हमेंट' मिळतात तशी, कोणत्या प्रकारे मारलं की कोणता किताब, अशी यादी त्याने आधीच टाकली होती.

म्हणजे खुनी आधीच द्वेषाने भरलेला आहे, आणि तो गेमची भाषा उसनी घेतो आहे. का? कारण त्याचे प्रेक्षक ती भाषा बोलतात. माणसाचा जीव हा 'पॉइंट' म्हणून मोजला की मरणाऱ्याचा चेहरा दिसेनासा होतो. गेममध्ये स्फोटात गेलेला खेळाडू पुढच्या डावात पुन्हा उभा राहतो. २४ जानेवारी २०२५ ला आपल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, आठ कामगार गेले. तो अपघात होता, अतिरेकाशी त्याचा संबंध नाही. पण त्या परिसरातल्या पोरांना स्फोट म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको.

मग धोका कुठे आहे?

आता सर्वात महत्त्वाच्या उदाहरणाकडे येऊ. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिंगापूर सरकारने एका १६ वर्षांच्या मुलाची हकिगत जाहीर केली. तो रोब्लॉक्स खेळायचा. रोब्लॉक्स म्हणजे ठोकळ्यांसारखी गोंडस माणसं, ज्यात मुलं स्वतःच आपापले खेळ तयार करतात. पालक ज्याला 'निरुपद्रवी' म्हणतात तसा. त्यात काहींनी आयसिस या दहशतवादी संघटनेच्या नावाने सर्व्हर उघडले होते, सीरियातली, फिलिपिन्समधल्या मरावी शहरातली युद्धभूमी उभी केली होती. हा मुलगा त्यांत शिरला. तिथल्या 'नेत्या'समोर त्याने निष्ठेची शपथ घेतली. त्याला 'प्रवक्ता' असं पद मिळालं. गेममधली दृश्यं जोडून त्याने प्रचाराच्या चित्रफिती बनवल्या. आणि हळूहळू तो स्वतःला खऱ्याच संघटनेचा सदस्य मानू लागला.

यात बंदुकीच्या नेमापेक्षा काय महत्त्वाचं ठरलं? पद. शपथ. 'तू आमचा' म्हणणारी माणसं. शाळेत ज्याला मागच्या बाकावर कोणी विचारत नाही, त्याला तिथे प्रवक्ता केलं.

ही वाट कशी चालते ते समजून घ्या, कारण आयसिस असो, गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या टोळ्या असोत की आणखी कोणी, वाट साधारण सारखीच असते. गेममध्ये अनोळखी माणसांबरोबर स्क्वॉड लागतो. कानाला हेडफोन, आवाजाची ओळख होते. चार डाव जिंकले की दोस्ती. मग कोणीतरी एखाद्या समाजावर विनोद टाकतो. तुम्ही हसलात तर आणखी एक येतो. नाही हसलात तर "अरे मस्करी केली, इतकं काय मनावर घेतोस" म्हणून माघार. ही मस्करी म्हणजे चाळणी आहे. कोण हसतो ते त्यांना बघायचं असतं. हसणाऱ्यांना वेगळ्या ग्रुपचं बोलावणं येतं : डिस्कॉर्ड, टेलिग्राम, कधी साधं व्हॉट्सअ‍ॅप. तिथे गेम कमी आणि चित्रफिती जास्त. तिथे रँक असते, अ‍ॅडमिन होता येतं. आणि तिथलं काही घरी सांगायचं नसतं. गेम या वाटेवरचा फक्त बसथांबा आहे. गाडी पुढे दुसऱ्याच गावाला जाते.

आपल्या महाराष्ट्रात असं काही घडलंय का? हुबेहूब सिंगापूरसारखं नाही. पण जवळचं आहे. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरू म्हणून इराकला गेले आणि आयसिसकडे पोचले. शिकलेली, चांगल्या घरची मुलं. त्यांना ओढणारी ताकद गेमची नव्हती, इंटरनेटवरचा प्रचार आणि ओळखी यांची होती. दुसरं उदाहरण १ जानेवारी २०२२ चं. 'बुल्ली बाई' नावाचं एक अ‍ॅप उघडकीला आलं. शंभरेक मुस्लिम महिलांचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय टाकून त्यांचा खोटा 'लिलाव' मांडला होता. कोणी खरेदी-विक्री करणार नव्हतं; हा 'खेळ' होता, अपमानाचा. मुंबईच्या सायबर पोलिसांनी तपास करून ज्यांना पकडलं त्यांत बंगळुरूचा २१ वर्षांचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता आणि उत्तराखंडची १८ वर्षांची मुलगी. अ‍ॅप बनवल्याच्या आरोपावरून दिल्ली पोलिसांनी आसामातून पकडलेला तरुणही २१ चाच. वेगवेगळ्या राज्यांतली मुलं, ओळख इंटरनेटवरची. द्वेष किती सहज 'मजा' होऊन बसतो ते इथे दिसतं. त्या फोटोंतल्या बायकांना मात्र त्यात खेळ दिसला नसणार.

आता उलट बाजूने पाहा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मारून टाकलं. 'पोरं पळवणारी टोळी आली' अशी व्हॉट्सअ‍ॅपवर अफवा होती. गेमचा पत्ता नाही, नुसता फॉरवर्ड. आणि २९ सप्टेंबर २००६ ला आपल्याच मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना गावातल्या जमावाने ठार मारलं, तेव्हा तर खेड्यात स्मार्टफोनही नव्हता. त्या हातांना कोणत्या गेमने शिकवलं होतं? भंडारा जिल्ह्यातल्या शिक्षकाने हा विषय लिहायचा आणि खैरलांजी टाळायची, हे मला जमणार नाही. द्वेष घरात, पारावर, पंगतीत शिकवला जातो. मोबाईलने त्याला फक्त नवे पार आणि नव्या पंगती दिल्या.

नक्षल चळवळीतही पोरं गेली ती गेम खेळून नव्हे. गाण्या-नाचाची पथकं गावात आली, कोणी अन्यायाच्या गोष्टी सांगितल्या, त्यातल्या काही खऱ्याही होत्या, काही ठिकाणी धाक होता, आणि कोणीतरी पोराला नाव विचारून जवळ बसवलं.

त्या मुलाचं काय झालं?

वडिलांनी मोबाईल काढून घेतला. आठवड्याने ते पुन्हा आले. पोरगा मित्राच्या मोबाईलवर खेळतो, घरी बोलतच नाही. या वेळी मी मुलालाच बोलावलं, आणि तोच मोबाईल त्याच्या हातात देऊन म्हटलं, "मला शिकव कसं खेळतात ते." तो आधी संशयाने पाहत राहिला. मग शिकवू लागला. मी तीनदा लगेच मेलो. तो हसला. त्या हसण्यात मी विचारलं, "तुझ्या स्क्वॉडमध्ये कोण कोण?" दोघे आपल्याच गावचे निघाले. बाकीच्या दोघांना त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्यातला एक 'दादा' होता, त्याने ह्याला एका ग्रुपमध्ये घेतलं होतं. ग्रुपच्या नावातच एका समाजाला शिवी होती. आत काय होतं ते इथे लिहीत नाही.

मी म्हटलं, "हे तुला आवडतं?"

थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, मले त्याच्यातलं बरंचसं समजत बी नाही. पन थो रोज मले विचारते, जेवला का म्हून."

सांगा बरं, यावर शिक्षकाने काय बोलावं? गोळ्या झाडण्याबद्दल मी एक महिना उपदेश केला असता तरी हे वाक्य बाहेर आलं नसतं. आणि मोबाईल काढून घेतल्याने नेमकं काय झालं होतं, तर जेवलास का म्हणून विचारणारा एकुलता एक माणूस आम्ही त्याच्यापासून तोडला होता. त्या 'दादा'चं म्हणणं त्यामुळे खरंच ठरलं असतं : बघ, तुझ्या घरच्यांना तुझी पर्वा नाही.

ग्रुप त्याने स्वतः सोडला, दुसऱ्या दिवशी. मी जबरदस्ती केली नाही. फक्त एवढं सांगितलं की त्या शिवीतल्या समाजाची दोन मुलं तुझ्याच वर्गात, तुझ्या पुढच्या बाकावर बसतात. त्याच्या ते लक्षात आलं नव्हतं की त्याने लक्षात घेतलं नव्हतं, देव जाणे. अशा ग्रुपमध्ये कोणी धमकी देत असेल, शस्त्रांबद्दल बोलत असेल, तर मात्र एकट्याने निस्तरत बसू नये. स्क्रीनशॉट ठेवावा आणि सायबर पोलिसांकडे जावं. १९३० हा सायबर मदत क्रमांक आणि १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

वडिलांनाही मी एक काम दिलं. रोज संध्याकाळी दहा मिनिटं पोराच्या शेजारी बसून त्याचा गेम बघायचा, बोलायचं काहीच नाही. ते म्हणाले, "गुर्जी, मले त्याच्यातलं काय समजते?" मी म्हटलं, मलाही समजत नाही.

परवा लाखनीच्या बाजारात भेटले. विचारलं, कसं चाललंय. म्हणाले, "आता थोच मले सांगते, बाबा, हा मागून येऊन रायला, तुमी गप्प राहा." आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत हसले.